चरित्र नको, एक वर्ष द्या

मराठी चरित्रपटाची पहिली दहा मिनिटं आता प्रेक्षकाला पाठ झाली आहेत. वाड्याची चौकट, हट्टी पण हुशार मुलगा, तापट वडील, सोशिक आई. मुलगा बोळातून पळत सुटतो आणि पळता पळता मोठा होतो. मोठा झाला की तो बहुधा सुबोध भावे असतो. ('बालगंधर्व', 'लोकमान्य', 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' या तिन्ही भूमिका त्यांनी जीव ओतून केल्या, तेव्हा तक्रार त्यांच्याबद्दल नाही.) पुढचे दोन तास प्रसंगामागून प्रसंग येतात आणि शेवटी काळ्या पडद्यावर खऱ्या माणसाचे जुने फोटो, खाली जन्ममृत्यूच्या तारखा. थिएटरातून बाहेर पडताना माणूस भेटला असं वाटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळल्यासारखं वाटतं.

यावरचा उपाय आपल्याकडेच सापडलेला आहे. परेश मोकाशी यांनी 2009 मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला, तेव्हा दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यातली फक्त तीनेक वर्षं घेतली. छपाईचा धंदा सोडलेला, जादूचे प्रयोग करून पोट भरणारा एक उचापती गृहस्थ तंबूत ख्रिस्ताचा सिनेमा पाहतो आणि त्याला वेड लागतं. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये लागतो, पुढच्या वर्षी फाळके लंडनला जातात, आणि सिनेमा साधारण तिथे संपतो. फाळके पुढे तीस वर्षं जगले. त्यांची कंपनी, रुसवेफुगवे, बोलपटाने काढून घेतलेला धंदा, 1944 मध्ये नाशिकला झालेला मृत्यू, यातलं काहीही मोकाशींनी घेतलं नाही. म्हणून फाळके पडद्यावर हसताना, खोकताना, बायकोशी वाद घालताना दिसतात.

त्याआधीचं उदाहरण शांतारामबापूंचं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये चीनमध्ये वारले आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' 1946 मध्ये आला. मधे चारच वर्षं गेली होती. माणूस थंड होऊन पुतळा व्हायच्या आत त्याच्यावर सिनेमा झाला होता. आज आपण पुतळा उभा राहण्याची वाट बघतो, मग त्याच्या सोयीने पटकथा लिहितो.

'कोणावर सिनेमा यायला हवा' हा गप्पांचा विषय कोणत्याही मराठी घरात तासभर पुरतो. माझी यादी छोटी आहे. प्रत्येक नावापुढे मी एक वर्ष लिहून ठेवलं आहे, कारण जन्मापासून सुरुवात केली की यातल्या एकाचाही सिनेमा होणार नाही.

पहिलं नाव बाळू पालवणकर, आणि वर्ष 1937.

क्रिकेटवाल्यांना हे वर्ष ऐकून धक्का बसेल. बाळूंचं क्रिकेट तोवर कधीच संपलेलं होतं. त्यांच्यावरचा सिनेमा म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं आधीचं आहे. चर्मकार कुटुंबातला मुलगा, वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी बांधायची. मग कोणी साहेब सरावाला आला की त्याला चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा पट्टीचा इंग्रज फलंदाज. बाद केलंस की आठ आणे, असा त्याचा सौदा होता म्हणतात. डावखुऱ्या फिरकीची तालीम अशी हजारो चेंडूंनी झाली. त्या सगळ्या काळात बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचं काम.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं. चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवण वेगळं. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं, त्याने काही दारं किलकिली झाली. मुंबईत 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. पुढे 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, तेही पस्तिशी गाठलेली असताना.

इथवरची गोष्ट कोणालाही आवडेल. 'लगान'मधल्या कचराची आठवण निघाली की लोक बाळूंचं नाव घेतात ते यामुळेच. पण मला तो कचरा कधी पटला नाही. त्याची फिरकी त्याच्या अधू हातातून आपोआप येते, देवाची देणगी म्हणून. बाळूंची फिरकी देवाने दिलेली नव्हती. चार रुपये पगारात, दुसऱ्याच्या सरावासाठी, वर्षानुवर्षं हात झिजवून ती आलेली होती. दलित खेळाडूचं कसब मेहनतीचं असतं हे दाखवायला हिंदी सिनेमा अजून तयार नाही.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. त्यांच्या धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आधी तेच आलं. 1920 मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी अन्यायाचं कारण देऊन जाहीर माघार घेतली, वर्तमानपत्रांत वाद पेटला. शेवटी 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, संघ जिंकला आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास इंग्रजीत लिहिला तेव्हा ते पुस्तक बारकाईने वाचलं. आपण ते वाचनालयाच्या कपाटात राहू दिलं.

तर 1937. प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक. मुंबईतल्या भायखळा-परळच्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे आहेत. काँग्रेसने त्यांच्या विरोधात उमेदवार दिला आहे बाळू पालवणकर.

या दोघांचं नातं जुनं. बाळू इंग्लंडहून परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, त्या वेळचं मानपत्र तरुण आंबेडकरांनी लिहिलं होतं असं बाळूंचे चरित्रकार सांगतात. आंबेडकरांच्या तरुणपणी, आपल्यातला एक माणूस गोऱ्यांच्या यष्ट्या उडवतो, ही बाब लहान नव्हती. मग 1932 चा पुणे करार आला. त्यावर दोघांच्याही सह्या आहेत, पण बाळू गांधींच्या बाजूने मध्यस्थी करणाऱ्यांत होते. येवल्याला 1935 मध्ये आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, बाळूंनी तिला विरोध केला. आणि दोन वर्षांनी समोरासमोर. आंबेडकर जिंकले, अंतर दोनेक हजार मतांचं.

सिनेमा इथे आहे. एक माणूस आयुष्यभर सवर्णांच्या मैदानावर उत्तम खेळून जागा मिळवत आला. त्याची खात्री आहे की खेळत राहिलं की दार उघडतं. दुसरा म्हणतो, दार उघडण्याची वाट बघणं हाच अपमान आहे. दोघेही खरं बोलत आहेत, दोघांनीही किंमत मोजली आहे. कोणत्याही पटकथाकाराने हात जोडून घ्यावा असा हा संघर्ष. पण तो पडद्यावर येणार नाही, आणि का येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाळूंना हरताना दाखवलं तर एका बाजूच्या भावना दुखावतील, त्यांना सहानुभूती दिली तर दुसऱ्या बाजूच्या. त्यांच्यावर सिनेमा निघेल असं अधूनमधून कानावर येतं. निघालाच तर तो 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर, टाळ्यांच्या गजरात संपेल असा माझा अंदाज आहे.

दुसरं नाव पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे. यांच्या बाबतीत निर्मात्याला अडचण उलटी येईल: प्रसंग इतके की एकही खरा वाटणार नाही.

टिळकांच्या प्रभावाखालचा हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घर सोडून जपानमार्गे अमेरिकेला पोचतो. लष्करी शिक्षण घ्यायचं आणि परत येऊन इंग्रजांशी लढायचं, हा बेत. भांडी घासतो, मिळेल ते काम करतो आणि सोबत शेतकी शिकतो, आधी ओरेगनमध्ये, मग वॉशिंग्टन राज्यात. लाला हरदयाळ, सोहनसिंग भाकना यांच्यासोबत 1913 मध्ये गदर पक्षाच्या उभारणीत सामील होतो. त्याच गदरमधला दुसरा मराठी तरुण, तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे, हिंदुस्थानात परततो, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला जातो आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फासावर जातो. खानखोजे त्या वेळी दुसऱ्या वाटेने निघालेले असतात. तुर्कस्तान, मग इराण. तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजी फौजेशी लढतात, जखमी होतात, पकडले जातात, निसटतात. महायुद्ध संपल्यावर बर्लिन, 1921 मध्ये क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळाबरोबर मॉस्को. हिंदुस्थानात पाय ठेवायची सोय उरलेली नाही, म्हणून 1924 मध्ये मेक्सिको.

इराणच्या वाळवंटातली घोडदौड दाखवायचा मोह कोणालाही होईल, आणि झाला की सिनेमा बुडाला. खानखोजे यांची खरी गोष्ट बंदूक ठेवून दिल्यावर सुरू होते. माझं वर्ष 1928 च्या आसपासचं आहे.

मेक्सिको शहराजवळ चापिंगो नावाच्या गावी राष्ट्रीय शेतकी विद्यालय होतं. तिथे खानखोजे शिकवायला लागले. मेक्सिकोची क्रांती नुकतीच होऊन गेलेली, जमीनदारांच्या जमिनी वाटल्या जात होत्या, आणि जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला बी कुठून आणायचं हे कळत नव्हतं. खानखोजेंनी मक्यावर काम केलं, गव्हावर केलं. जास्त उतारा देणाऱ्या, रोगाला आणि दुष्काळाला टिकणाऱ्या जाती काढायचा प्रयत्न केला. शेतकऱ्यांसाठी फी न घेणाऱ्या शेतकी शाळा काढल्या. इंग्रज साम्राज्याविरुद्ध शस्त्र धरलेला हा माणूस आता कणसातले दाणे मोजत होता, आणि दोन्ही कामं त्याच्या लेखी एकच होती. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोला आले ते 1944 मध्ये. त्यांच्या गव्हाची गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे. वीस वर्षं आधी त्याच देशात गव्हाच्या ओंब्या तपासणारा वर्ध्याचा माणूस त्या पुस्तकात नाही.

मेक्सिकोचा सर्वांत मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र होता. शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीच्या भिंती रिव्हेराने रंगवल्या, त्यात 'आपली रोजची भाकर' अशा अर्थाचं एक चित्र आहे. लांब टेबलाभोवती कष्टकरी बसले आहेत, मधोमध बसलेला माणूस सगळ्यांसाठी पाव मोडतो आहे. तो माणूस खानखोजे. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या शेतावरच्या कामाचे फोटो काढले. पटकथाकाराला आणखी काय हवं? मेजवानी आहे, वाद आहेत, आणि सगळ्यांच्या मधे मराठीत विचार करणारा, परत न जाऊ शकणारा एक गृहस्थ.

परत जाण्याची गोष्ट कडू आहे. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव स्वातंत्र्यानंतरही आडवं आलं. अखेर ते आले, 1950 च्या दशकात नागपूरला स्थायिक झाले, 1967 मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी सावित्री सॉनी यांनी इंग्रजीत त्यांच्या आठवणी लिहिल्या. मराठीत वीणा गवाणकर यांनी चरित्र लिहिलं. 'एक होता कार्व्हर' घराघरात पोचलं, हे तितकं पोचलं नाही. आणि चापिंगोला 2022 मध्ये, आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते, खानखोजेंचा पुतळा उभा राहिला. म्हणजे आता सिनेमा निघायची भीती आहे.

मधेच एक नाव पटकन उरकून घेतो. परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर हे यादीत नेहमी सुचवलं जाणारं नाव. स्वित्झर्लंडमधली ईव्ह, मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडून इकडे येते, संस्कृत शिकते, दधीचीच्या अस्थींचं वज्र पदकावर आणते; पहिलं परमवीर चक्र मरणोत्तर मिळतं ते तिच्याच मुलीच्या दिराला, मेजर सोमनाथ शर्मा यांना. गोष्ट सुंदर आहे, आणि म्हणूनच मी गप्प बसतो. पार्श्वसंगीताने तिचा जीव घेतला जाईल.

धर्मानंद कोसंबींच्या बाबतीत मात्र मला गप्प बसवत नाही. त्यांच्यासाठी मी जे वर्ष निवडलं आहे ते 1899, पण सिनेमा त्यांच्यावर नको. त्यांच्या बायकोवर, बाळाबाईंवर हवा.

कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. तब्येत नाजूक, शाळा फारशी नाही, नारळीच्या बागेची देखभाल हे काम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धावरचा एक लेख वाचला आणि हा माणूस घरात मावेनासा झाला. लग्न झालेलं, मुलगी तान्ही, आणि ते निघाले. पुण्याला डॉ. भांडारकरांकडे, तिथून ग्वाल्हेर, मग काशीला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, गया, कलकत्ता, मग सिलोनला जाऊन भिक्खू झाले, पाली शिकले, ब्रह्मदेशात राहिले. परत आल्यावर सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, त्यावर महाराष्ट्रात काम सुरू झालं. हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी बोलावणं आलं. तिथे प्रोफेसर लॅनमन यांना पुस्तकावर पहिलं नाव दिवंगत वॉरन यांचं हवं होतं; आपलं काम दुय्यम ठरतंय म्हटल्यावर कोसंबी अडून बसले. वाद चिघळला, ग्रंथ शेवटी 1950 मध्ये निघाला, तोवर कोसंबीही गेले होते. मधे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणं, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहातला तुरुंगवास, परळला कामगारवस्तीत बहुजनविहार. जून 1947 मध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला.

हे सगळं त्यांच्या 'निवेदना'त आणि इतरत्र वाचायला मिळतं. बाळाबाईंविषयी त्यात मोजकंच येतं. पण जरा हिशेब मांडून बघा. नवरा पहिल्यांदा जातो तो सात वर्षांसाठी. तो कुठे आहे, भिक्खू झाला म्हणजे आपण आता कोण, मुलीला काय सांगायचं, या प्रश्नांसकट एक तरुण बाई गोव्याच्या खेड्यात राहते. तो परत येतो, 1907 मध्ये दामोदर जन्मतो, जो पुढे डी. डी. कोसंबी म्हणून गणिती आणि इतिहासकार होणार आहे. पुन्हा तो हार्वर्डला. 1918 मध्ये जाताना मोठी मुलगी माणिक आणि दामोदर दोघांना घेऊन जातो. मुलगी रॅडक्लिफची पदवीधर होते, मुलगा अमेरिकेत वाढतो. बुद्धाच्या गोष्टीत यशोधरेचं काय झालं, यावर कवींनी पानं भरली आहेत. इथे एक यशोधरा विसाव्या शतकात प्रत्यक्ष राहून गेली. तिचा राग, तिची सवय, तो परत आल्यावर तिने काय केलं असेल, हे लिहायला कागदपत्रं अपुरी आहेत हे मला मान्य आहे. पटकथालेखकाने तिथेच काम करायचं असतं. कोसंबींचा मोठेपणा त्याने कमी होणार नाही. ते स्वतःशी कठोर होते, आपल्या आत्मकथनातही त्यांनी स्वतःला फार सजवलेलं नाही.

आता शेवटचा सिनेमा, दोन बहिणींचा. यासाठी मला वर्षं दोन लागतील, 1933 आणि 1975.

दुर्गा आणि कमला भागवत. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. धाकटी कमला 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेते आणि वडिलांच्याच संस्थेत अर्ज करते. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. ते प्रवेश नाकारतात, कारण ती मुलगी आहे. कमला त्यांच्या दारात सत्याग्रहाला बसायची भाषा करते. रामन नमतात, पण अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ती मान्य करते, वर्ष काढते, प्रवेश कायम होतो आणि त्या संस्थेचं दार मुलींना उघडतं. पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं हे ती दाखवते. 1939 मध्ये पीएच.डी., प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. मुंबईत परतून कमला सोहोनी म्हणून नीरेतल्या पोषणद्रव्यांवर वर्षानुवर्षं संशोधन. रामन यांनी केलेला अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या आणि चारचौघांत बोलून दाखवत.

थोरली दुर्गा संस्कृत-पालीची, लोकसाहित्याची, आदिवासींमध्ये फिरणारी. जंगलातल्या फिरतीत एकदा विषारी कंद खाण्यात आला आणि काही वर्षं अंथरुणात गेली. 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष. आणीबाणी चालू आहे, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हजर आहेत, आणि जयप्रकाश नारायण आजारी आहेत. दुर्गाबाई त्यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावतात.  पुढच्या वर्षी त्यांना अटक होते.

दोघी बहिणी, दोन बलाढ्य पुरुष समोर, मधे बेचाळीस वर्षं. एकीने अट मान्य करून आत शिरायचं ठरवलं, दुसरीने व्यासपीठावर बसून अट मोडली. कोणाचं बरोबर, हा वाद त्यांनी आपसात घातला असेल का? मला तो वाद ऐकायचा आहे. दोन खुर्च्या, एक चहाचा ट्रे, दोन म्हाताऱ्या बायका, आणि मधूनमधून बंगळूरची प्रयोगशाळा नि कऱ्हाडचा मंडप. माझ्या यादीतल्या सिनेमांत हा सर्वांत कमी खर्चाचा. इराण नको, मेक्सिको नको, इंग्लंडची हिरवळ नको. सुबोध भावे यांना यशवंतराव देता येतील. एखाद्या निर्मात्याने मनावर घेतलंच तर सुरुवात इथून करावी.